आमच्या शाळेच्या इतिहासाचा फ्लेक्स

रविवारी विक्रोळीला आमच्या शाळेत गेले होते... आणि डोकं फिरून घरी आले. अजून फिरलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

शाळेला पन्नास वर्षं झाली, त्याचा कार्यक्रम होता. आम्हा माजी विद्यार्थ्यांना बोलावणं होतं. मी नवी साडी नेसून वेळेच्या आधीच हजर, कारण आमचे चित्रकलेचे तांडेल सर येणार होते.

गेटमधून आत शिरले तर समोर हा भलामोठा फ्लेक्स! वर छापलेलं, 'आमच्या शाळेचा गौरवशाली इतिहास, कलेची उज्ज्वल परंपरा'. खाली चित्र... दगडी इमारत, घड्याळाचा टॉवर, ब्लेझर-टाय घातलेली गोरीगोमटी पोरं रंगवतायत. एकाच्या ब्रशला तर दोन्हीकडून केस!

माझ्या वर्गातला संदेश आधीच तिथे उभा होता. तो हल्ली सिरियलचे सेट रंगवतो. मला बघून म्हणाला, "ह्या काय गो? आपल्या शाळेक घड्याळाचो टॉवर कधी होतो?"

अरे, टॉवर सोडा... आमच्या सरकारी शाळेला धड भिंती नव्हत्या. पत्र्याच्या दोन शेड, आणि मार्च-एप्रिलमध्ये आत बसलं की पापडासारखे भाजून निघायचो.

फॅक्टरी कामगारांची पोरं आम्ही. संदेशचं गाव मालवणकडे, आमचं बुलढाण्याकडे. सर नवीन लागले तेव्हा शाळेत रंगच नव्हते, तर ते मुलांना खाडीवर घेऊन जायचे आणि चिखल आणून मातीकाम शिकवायचे. घरोघरी आया बोंबलायच्या, युनिफॉर्मची वाट लागली म्हणून!

मग चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसायला लागली... चाळीत जो तो कागद आणि पेन्सिल घेऊन. गणपतीची मखरं आणि भीमजयंतीचे देखावे, दोन्ही सरांच्याच वर्गात रंगायचे. मखर रंगवायला मी असायचे आणि देखावा रंगवायला संदेश, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

हा आमचा इतिहास. त्यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं हो त्या फ्लेक्सवर!

तडक मुख्याध्यापक बाईंना गाठलं. म्हटलं, हे चित्र आणलंत कुठून? म्हणाल्या, जुने फोटो नाहीत शाळेकडे, म्हणून कम्प्युटरवर बनवलं... दोन मिनिटांत होतं.

माझा आवाज चढलाच. "बाई, वर कलेची परंपरा लिहिता आणि चित्र कम्प्युटरकडून? कुणाकडून तरी काढून घ्यायचं ना!"

आता बाईही तडकल्या. "कुणाकडून घेऊ? तांडेल सर रिटायर झाल्यापासून त्यांची जागा भरलेली नाही. दर वर्षी मागते मी. चित्रकलेच्या तासाला पोरांना गणितं घालते, कारण मला तेवढंच येतं. यंदा परीक्षेला एक मूल बसलेलं नाही. फ्लेक्सला वरून मंजुरी आली, शिक्षकाला नाही आली."

राग गेला नाही हां... फक्त बाईंवरचा उतरला आणि जिथे जायला हवा तिथे गेला. परंपरा छापायला हे वरचे तयार, ती चालवायला एक माणूस द्यायला नाहीत. लाज वाटायला पाहिजे यार!

तेवढ्यात सर आले. सत्तरीला टेकलेत, गुडघे गेलेत. सावकाश फ्लेक्सजवळ गेले आणि चष्मा सारखा करून खालचा उजवा कोपरा बघायला लागले. चित्राखाली नाव नसेल तर सर ते तपासायचेच नाहीत, हा आमच्या वेळचा नियम.

"नाव टाकलं नाही पोराने. कुणी काढलंय?"

बाईंनी खरं ते सांगितलं. सर नुसतं "बरं" म्हणाले. ते ऐकून बाईंचाच चेहरा उतरला... संदेशला म्हणाल्या, "उतरवा हो ते आधी."

संदेशने फ्लेक्स उतरवून पॅसेजमध्ये उलटा अंथरला. मागची बाजू पांढरीशुभ्र. सेटवरचे ऑइल पेंटचे डबे त्याच्या टेम्पोत होतेच.

मग काय... चांगल्या चांगल्या बायका पदर खोचून जमिनीवर बसल्या. शेड कुठे, नळ कुठे, यावरून नुसती भांडणं! सर खुर्चीतून ओरडतायत, "प्रज्ञा, पत्र्याचा उतार चुकला गं, इतकी वर्षं त्याच्याखाली काय झोपा काढल्यास?" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

शेजारी नववीतली एक मुलगी ब्रश हातात घेऊन नुसती उभी होती. म्हटलं, बस ना गं, रंगव. तर हळूच म्हणाली, "मला येत नाही. आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

आमच्या शाळेतली मुलगी! खाडीचा चिखल आणून जिथे पोरं घडवली, त्या शाळेतली! सरांनी तिला जवळ बोलावलं आणि ब्रश कसा धरायचा ते तिथेच दाखवलं.

नंतर शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले. आम्ही रंगवून टांगलेल्या चित्रापुढे फोटो काढून घेतले, माइकवर परंपरेचं कौतुक केलं. मी खालूनच विचारलं, साहेब, शिक्षक कधी देताय? "बघतो," म्हणाले... आणि टाळ्या पडल्या.

आता सर दर शनिवारी येऊन त्या पोरांना फुकट शिकवणार आहेत. शेडच्या जागी आता इमारत आहे आणि चित्रकलेचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर... तसले गुडघे घेऊन चढणार.

सरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण हात जोडते, खाली कमेंटमध्ये 'सलाम सर', 'असे शिक्षक आता होत नाहीत' असलं काही लिहू नका. धडधडीत खोटं आहे ते. आर्ट कॉलेजातून पास झालेली कितीतरी पोरं घरी बसून आहेत... शिक्षक होतात हो. नेमत नाहीत.