दगूनानांची झोप

कोल्ड स्टोरेजमध्ये माल टिकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. किस्सेही टिकतात, हे तिथे नोकरी केल्यावर कळतं. नाशिकजवळच्या आमच्या स्टोरेजमधून मी द्राक्षांच्या गाड्या बंदराकडे रवाना करतो. गाड्या जातात, किस्से माझ्याकडे साठत राहतात.

*

एप्रिलची दुपार. जेवणाच्या सुट्टीत आमची मंडळी कोल्ड रूममधून बाहेर आली आणि जॅकेट, माकडटोपीसकट उन्हात शेकत बसली. नवा कुरिअरवाला घाम पुसत आला. पाकीट लांबूनच ठेवून म्हणाला, "सगळ्यांनाच ताप आलाय का हो?"

*

आमच्या क्वालिटीवाल्या नाठे मॅडम. कोल्ड रूमचं दार उघडं राहिलेलं त्यांना चालत नाही, आणि भरलेली गाडी वाटेत उगाच थांबलेली तर अजिबात खपत नाही.

एकदा मालकांचे पाहुणे दारातच फोटो काढू लागले. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "आत या ना, निवांत काढा!" आणि मागून दार लावून घेतलं. एकच फोटो काढून पाहुणे बाहेर! फोटोत सगळ्यांचे दात दिसतात, पण कोणी हसत नव्हतं.

*

दगूनाना आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. गाडीचं कूलिंग मशीन सारखं घुरघुरत असतं, आणि जोडीदाराच्या हाती स्टेअरिंग असलं की नाना त्या आवाजात गाढ झोपतात.

इगतपुरीला चहासाठी गाडी थांबली. शेजारी ट्रकांचे हॉर्न चालू, नाना ढिम्म. जोडीदाराला फोनवर ऐकू येईना, म्हणून त्याने मशीन बंद केलं.

नाना ताडकन उठले. "आरं, बंद का केलं? माल मरंल ना!"

*

सुट्टीत घरी मात्र नानांचा डोळा लागेना. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, ऐन थंडीत उशाशी कूलर लावला, पाणी न घालता. नाना लगेच घोरायला लागले.

"त्यांचं भागलं," काकू मला म्हणाल्या, "आता मला झोप नाय!"

*

मागच्या सीझनला नानांचं पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, पण झोप येईना. गोळ्या दिल्या तरी नाना टक्क जागे. झोप मिळाली नाही तर प्रकृती सुधारणार कशी, म्हणून डॉक्टरही काळजीत. कूलर आणायला वॉर्डात परवानगी नव्हती. मी आणि मॅडम दुपारी भेटायला गेलो, तर काकू रडकुंडीला आलेल्या. नानांचा चेहरा बघून मलाही भरून आलं.

मॅडम तडक खाली गेल्या, मागोमाग मी. त्यांनी फोन लावला. बंदराकडे निघालेली आमची भरलेली गाडी वळून हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर आली आणि नानांच्या खिडकीखाली घुरघुरत उभी राहिली.

थोड्या वेळाने खिडकीत काकू दिसल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात वॉचमन धावत आला. "ओ मॅडम, बंद करा ते मशीन! वर पेशंट झोपलेत!"

मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच चालू ठेवलंय."