माशाचं इंजेक्शन आणि मोठे बाबा

बादली उचलताना मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकूच्या, पाठीत कट्कन वाजलं आणि ती जी खाटेवर पडली, ती कूस बदलायलाही ओरडायची. मणका दबला होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी तेव्हा नागपूरला बी.एस्सी. करत होते. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पाठीचे एक्स-रे बघून इंजेक्शनं लिहून दिली, ती मी चहाच्या थर्मासात बर्फ घालून पॅसेंजरनं पांढुर्ण्याला घरी आणली.

मोठ्या बाबांनी थर्मासातली डबी हातात घेतली. "कायचं औषध हाय हे?"

डॉक्टरांनी सांगितलं तेच मी सांगितलं. हा हार्मोन माणसाच्या गळ्यातल्या ग्रंथीतही असतो, हाडं झिजू देत नाही. पण सालमन माशाचा आपल्यापेक्षा फार जोरकस. म्हणून त्याच्या नमुन्यावर कारखान्यात बनवतात, मासा मारावा लागत नाही. दुखणंही उतरतं.

त्यांनी एकच शब्द ऐकला. "मासा? आपण दर शनिवारी जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाले जातो अन् तू घरात मासा आणून राहिली?"

डबी परत आत टाकून थर्मास त्यांनी स्वतः उचलून ओट्यावर उन्हात ठेवला. वर म्हणाले, "सहन कर थोडं. मारुतीराया हाय." हे कोणाला, तर जिला श्वास घेतानाही कळ येत होती तिला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुखणं तिचं, मणका तिचा, आणि सोवळं यांचं. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

समोरच्या फळीवर मारुतीच्या तसबिरीखाली त्यांची ताकदीची बाटली होती. हिवाळाभर सकाळी दुधासोबत पिवळ्या चकचकीत गोळ्या, मोठी आईच काढून द्यायची. बाटलीवर मासा छापलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून तिचाच आवाज आला.

"काहो, तुमच्या त्या पिवळ्या गोळ्या कोणत्या झाडाले लागतात? संत्र्याच्या?"

मोठे बाबा बाटलीकडे बघत राहिले. "ते... ते औषध हाय," म्हणाले.

"मंग हे काय हाय?"

 चूक झाली असं ते म्हणाले नाहीत, याचा मला अजून राग आहे. चपला घालून दुकानात निघून गेले, थर्मास उन्हातच ठेवून.

"पाहत काय राहिली पोरी," मोठी आई म्हणाली, "बर्फ वितळून राहिला. कंपाउंडरले बोलाव."