वाकड्या हनुवटीची दाढी

माझ्या उजव्या कानापुढचं जबड्याचं हाड नको तितकं वाढत होतं आणि हनुवटी दरवर्षी थोडी थोडी डावीकडे सरकत होती. शहाणा माणूस डॉक्टरकडे गेला असता. मी हिंगणघाटच्या माझ्या न्हाव्याकडे गेलो. त्याने दाढी उजवीकडे दाट ठेवली, डावीकडे बारीक केली, आणि मान जराशी तिरपी धरली की चेहरा आरशात सरळ दिसू लागला. सहा वर्षं मी त्या कारागिरीवर बेहद्द खूश होतो. पुढे दातावर दात बसेनात, भाकरी चावताना जबडा कटकट वाजू लागला, तेव्हा कुठे मला दवाखाना आठवला.

डॉक्टरांनी वाढलेलं हाड कापून जबडा सरळ बसवला. दोन महिन्यांनी दाढी पुन्हा वाढल्यावर मी नवा चेहरा मिरवायला न्हाव्याकडे गेलो. खुर्चीत बसताच सवयीने मान तिरपी केली आणि डोळे मिटले. त्यानेही सवयीने हात चालवला.

घरी आल्यावर बायको बघतच राहिली. "काऊन जी, हाड आता दुसऱ्या बाजूनं वाढून राह्यलं काय?"

घाबरून मी डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी एवढंच कळवलं, "आधी दाढी काढा."

दाढी काढली. चेहरा अगदी सरळ निघाला, आणि तो बघायला मी आरशापुढे मान तिरपी करून उभा होतो.