स्पीकरची पूर्ण किंमत

भाव कसा पाडतात हे मी निफाडला, वडिलांच्या द्राक्षबागेत शिकले, तेही ज्याचा भाव पडतो त्याच्या बाजूला उभी राहून. व्यापारी यायचा, घडातला एक मणी तोंडात टाकायचा आणि तोंड वाकडं करायचा. "लय आंबट हाय. गोडी नाय उतरली." माल गोड आहे हे वडिलांना माहीत असायचं, व्यापाऱ्यालाही. तरी त्या वाकड्या तोंडाचे पैसे भावातून कापले जायचेच. मला त्या माणसांचा भयंकर राग यायचा. पुढे लग्न होऊन नाशकात आले आणि साडी, सोफा, फ्रीज, जे घेतलं ते तोंड वाकडं करूनच घेतलं.

यांनी मात्र जन्मात कधी घासाघीस केली नाही. दुकानदार सांगेल तो आकडा देऊन मोकळे. सातपूरच्या कारखान्यात, लोखंडी पत्रे ठोकणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात यांची सगळी नोकरी गेली. संध्याकाळी घरी आले की जुन्या टेपवर सतार ऐकत बसायचे. निवृत्त झाल्यावर एकच हट्ट धरला, चांगला अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी. किंमत ऐकून मी दोन दिवस बोलले नाही.

मग यांच्या कानांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, प्रेसच्या आवाजाने वरचे सूर कमी ऐकू यायला लागलेत, हळूहळू आणखी कमी होतील. हे घरी आले ते अॅम्प्लिफायरचं नाव काढेनात. तेव्हा मीच म्हटलं, "चला, घेऊनच टाकू. ऐकू येतंय तोवर." असं बोलायला नको होतं, पण मी अशीच बोलते.

गंगापूर रोडवरच्या त्या दुकानात मागे ऐकण्यासाठी वेगळी खोली होती. जाड पडदे, मधोमध दोन खुर्च्या. दुकानदार चाळिशीचा, शांत माणूस. "काका, सावकाश ऐका. घाई नाही," म्हणाला आणि त्याने सतार लावली. हे डोळे मिटून बसले. डॉक्टरांकडून आल्यापासून आवळलेला त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. मलाही ती सतार फार गोड लागली. तेवढ्यात दुकानदाराने किंमत सांगितली, वर म्हणाला, दहा टक्के कमी करतो. माझं तोंड आपोआप वाकडं झालं.

"वरचे सूर चिरके लागतायत हो. कानाला टोचतात."

त्याने केबल बदलून पाहिली. "अजून टोचतंय," मी म्हटलं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण तोंड वाकडं करायला संगीत कशाला कळायला हवं? अर्ध्या तासात बारा टक्के आणि केबल फुकट, असं ठरलं. मी विजयी मुद्रेने यांच्याकडे वळले, तर हे उठून उभे.

"राहू दे," म्हणाले. "आज नको."

आम्ही रिक्षात बसलो. मग म्हणाले, "मला ते चिरकं ऐकूच आलं नाही गं. तुला पहिल्या मिनिटाला कळलं. मला सगळं गोडच लागत होतं. एवढं महागाचं घेऊन मी त्यात ऐकणार काय?"

"अहो, चिरकं नव्हतंच! भावासाठी बोलले मी."

हे नुसते हसले. "माझी समजूत नको काढूस."

घरी येऊन शपथा घेतल्या, भांडले, रडलेसुद्धा. काही उपयोग नाही. हा माणूस माझा शब्द खरा मानतो, हीच अडचण. सोफा घेताना उजवा पाय हलतो असं सांगून मी पैसे कमी करून घेतले होते. हे आजही त्या सोफ्यावर उजवीकडे बसत नाहीत.

चार दिवस घरात टेप लागला नाही. त्या शांततेत मला वडील आठवत राहिले. व्यापारी निघून गेला की ते बागेत परत जायचे आणि त्याच घडातला एक मणी तोडून चाखून बघायचे. लहानपणी मला वाटायचं, खायची इच्छा झाली असेल. आता कळलं ते काय बघत होते, आणि मला माझीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी यांना ओढतच दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "काकू, बारा टक्के आणि केबल. ठरलंय आपलं."

"काही नको. छापील किंमत लावा. त्या दिवशी मी खोटं बोलले. स्पीकर उत्तम आहे."

"माहीत होतं मला," तो शांतपणे म्हणाला. "पण दहा टक्के मी सगळ्यांनाच देतो. तेवढं माझ्या हिशेबात रास्त बसतं. तेवढे तरी घ्या."

म्हणजे माणसाने पहिल्याच वाक्यात रास्त भाव सांगितला होता, आणि वरच्या दोन टक्क्यांसाठी मी नवऱ्याचे कान मोडीत काढले होते. तरी म्हटलं, "दहाही नकोत. केबलचेसुद्धा लावा." आणि कार्ड पुढे केलं.

हे माझ्या हातातल्या कार्डाकडे बघत होते.

"तू? पूर्ण किंमत?"

"हो."

"म्हणजे खरंच चिरकं नव्हतं?"

"नव्हतं हो. गोड होतं."

त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायचे सोडून त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "तीच सतार लावा. पहिल्यापासून."