देवपुरातली आमची खोली

धुळ्यात मी भाड्याच्या घरांची दलाली करायचो. घर दाखवायचं ते सकाळीच, कारण दुपारी पत्रा तापतो आणि गिऱ्हाईक पळतं. महायुद्धाच्या लढाईत भाडी चढली, तशी देवपुरातली आमचीच खोली रिकामी करायला मालकाने सांगितलं आणि दुसरा दलाल लावला. तो सकाळीच एका नवराबायकोला घेऊन दारात आला. दलाल कसला, गाढव नुसता हसत उभा. शेवटी त्या बाईने मलाच विचारलं, "भाऊ, खोली कशी शे?"

"हवेशीर. विहिरीचं पाणीही गोड," सवयीने मी बोलून गेलो. त्यांनी जागेवर विसार दिला.

ते गेल्यावर माझी बायको चुलीकडे बघत म्हणाली, "इतलं चांगलं घर शे, हे माले कधी सांगं नही तुम्ही."