युरियाची सोयरीक

हसायचं नाही, असं कबूल करत असाल तरच सांगतो. माह्या लग्नाचा किस्सा आहे. म्हणजे, जे होणार होतं त्या लग्नाचा!

मी हैदराबादले उत्प्रेरकावर संशोधन करतो. दोन रसायनं जुळवून देऊन जो स्वतः कोरडा बाहेर निघते, तो उत्प्रेरक. कोणता धातू हे काम झकास करन, ते भट्टी पेटवायच्या आधीच मी कंप्युटरवर क्वांटमच्या हिशोबानं काढतो. इलेक्ट्रॉन कुठं रेंगाळतात, कोण कोणाच्या किती जवळ येते, सगळं!

बेला गावाले पोरगी पाहाले निघालो तवा मायनं दम भरला. "बाबू, तिथं तुझं ते केमिस्ट्रीचं चऱ्हाट लावू नको. मागची सोयरीक त्यानंच मोडली!"

मी कान पकडले. कारण खरं सांगू? फोटोतली वैशाली मले लयच आवडली होती. संगं मामेभाऊ संतोष. त्याचं बाजारहत्नूरले खताचं दुकान.

पोहे आले. वैशाली समोर बसली. तिच्या बाबांनी सहज विचारलं, "बापू, तुमी नेमकं करता काय?"

झालं! जिभेले खाज सुटली.

"काका, युरियासाठी आधी नायट्रोजन अन् हायड्रोजन जुळवावे लागतात. पण नायट्रोजन मोठा आखडू! मंग मधात लोखंड लागते. ते त्याले धरते, ढिला करते, हायड्रोजनसंगं जुळवून देते. स्वतः जसंच्या तसं!"

"नाही समजलं बाप्पा."

नाही समजलं म्हणजे? माह्यातला मास्तर जागा झाला.

"संतोष, तू नायट्रोजन. वैशालीताई, तुमी हायड्रोजन."

हो, ताई म्हणालो मी! जिले पाहाले गेलो, तिले!

दोघांले शेजारी खुर्च्यांवर बसवलं अन् मी लोखंड होऊन मधात उभा. "आता अंतर अन् कोन बरोबर पाह्यजे. संतोष, सरक. अजून सरक! ताई, जरा इकडं वळा. हां, आता बोला काही!"

वैशाली लाजत म्हणाली, "तुमच्या दुकानात तो बाटलीतला नॅनो युरिया भेटते का?"

"भेटते ना! घरपोच आनून देतो!"

मी तिकडं पाठ करून काकांले पोह्यातल्या शेंगदाण्यांचे इलेक्ट्रॉन दाखवून राह्यलो होतो. तेवढ्यात वैशालीची आत्या नार्नूरहून पोचली. तिनं दारातूनच दोघांले गुलुगुलु बोलताना पाह्यलं. आली ते थेट संतोषच्या कपाळी कुंकू लावलं अन् हातात नारळ दिला!

"काय जोडा शोभते बाई!"

मी ओरडलो, "आत्याबाई, नवरदेव मी आहे!"

तिनं मले खालून वर पाह्यलं. "मंग तुमी मधात काऊन उभे?"

मायनं कपाळावर हात मारला. काकांनी पोरीले विचारलं, "वैशाली, तूच सांग मा."

तिनं मान खाली घातली. "लावलेलं कुंकू काऊन पुसायचं, बाबा? अन् हे तर मले ताई म्हनले."

संतोष? त्या गद्दारानं नारळ सोडलाच नाही!

महिनाभर संतोषचा फोन उचलला नाही! पण लग्नाले गेलो. अंतरपाट धराले कोणाले उभं केलं, सांगा बरं? मलेच! मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरकला, दोघांनी हार घातले अन् मी कापडाची घडी करत बाजूले झालो.

काकांनी माह्या खांद्यावर हात ठेवला. "बापू, आता समजलं तुमचं संशोधन!"