पहिली ओंजळ

सकाळी विहिरीतून पहिली बादली वर आली की काका ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, डोळे मिटून थांबायचे, मग गिळून मोठ्याने म्हणायचे, "गोड हाय." त्यानंतरच पंपाचं बटण दाबायचे. घरात ऐकणारी एकटी काकू. ती कधीच काही विचारायची नाही. तरी काका रोज असं सांगायचे, जणू रात्री कोणी येऊन विहीर बदलून गेलं असेल आणि ती तपासून घेणं त्यांचं काम आहे.

मी टँकरवाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला शिव्या घालायला तुम्हाला सोपं जाईल. क्लीनर म्हणून टँकरच्या मागे लटकत वसईत आलो, आज माझ्या पाच गाड्या आहेत. यातली एकही मला कोणी फुकट दिलेली नाही. डिझेलवाला, टायरवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांशी भांडून, घासाघीस करून उभा राहिलो. माझ्यासमोर माणूस बसला की दहा मिनिटांत त्याचा आकडा मला कळतो.

काकांचा आकडा मला कळला नाही. माझी त्यांच्याविषयीची तक्रार तिथून सुरू होते.

वसईजवळ गिरीज गावात त्यांची केळीची वाडी होती आणि विहिरीला उन्हाळ्यातही पाणी. समुद्र इतका जवळ असताना इतकं गोड पाणी म्हणजे आमच्या धंद्यात सोनं. मी गेलो, झावळ्यांच्या सावलीत बाकड्यावर बसलो आणि दिवसाला दहा गाड्यांचा भाव सांगितला.

"नाय," काका म्हणाले.

मी भाव वाढवला. ते केळीच्या सोपटाची दोरी वळत होते, वळत राहिले. मी आणखी वाढवला. तिसऱ्यांदा वाढवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी माझ्याशीच घासाघीस करतोय. असा अपमान माझा कोणी केला नव्हता.

"काका, तुमचं काय म्हणणं ते तरी बोला!"

"बोललो ना, शेट. नाय. पानी सकाळी काढलं की दुपारपर्यंत परत येते. तुमी गाडी लावली तर त्याला यायला वेळ कधी भेटेल?"

आणि निघताना त्यांनी माझ्या हातात सुकेळ्यांची पुडी ठेवली. त्यांच्याच राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. नाही म्हणून वर खाऊ देणारा माणूस! मी ती रागाने गाडीत फेकली आणि नालासोपाऱ्याच्या सिग्नलला सगळी संपवली.

लोकांना मात्र ते पाणी फुकट द्यायचे. विहिरीच्या काठावर दोर बांधलेली बादली कायम ठेवलेली. आसपासच्या नव्या बिल्डिंगचे नळ आटले की बायका कळश्या, कॅन घेऊन यायच्या. काका बाजूला उभे राहून म्हणायचे, "भरा, भरा. सांडवू नका फक्त."

मी त्यांचा शेजारी गाठला. त्याच्याशी बोलणं सोपं होतं, त्याला आकडा होता. कुंपणापलीकडे दोन बोअर मारल्या आणि माझ्या गाड्या काकांच्या अरुंद गल्लीतून ये-जा करू लागल्या.

पहिल्याच आठवड्यात माझ्या ड्रायव्हरने वळण घेताना काकांच्या फाटकाचा खांब पाडला. मी धावत गेलो. आपली चूक असली की आपणच आधी ओरडायचं, हा माझा जुना नियम. लांबूनच सुरू केलं, "खांब रस्त्यात बांधतात का? गाडीचं नुकसान कोण देणार?" जवळ जाऊन पाहतो तर काका माझ्या टँकरच्या मागच्या चाकाखाली दगड सरकवत होते. गाडी गटारात घसरत होती.

"ओरडा नंतर, शेट," ते म्हणाले. "आधी तो दुसरा दगड द्या."

मी दगड दिला. नंतर ओरडायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खांब एक हात आत घेऊन बांधला आणि जास्वंदीचं कुंपणही छाटलं. ड्रायव्हर मला म्हणाला, "शेट, म्हाताऱ्याने आपल्यासाठी टर्निंग मोठा केला. सटकलाय का?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग येतो तो ते चांगले असतात म्हणून नाही. ते आपल्याला वाईट वागायला जागाच ठेवत नाहीत म्हणून.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी काकांनी ओंजळ तोंडात घेतली आणि काही बोलले नाहीत. दुसरी ओंजळ घेतली. मग काकूला म्हणाले, "आज तोंडाला चव नाय."

आठ दिवस ते हेच म्हणत राहिले. पाण्यावर संशय घेणं त्यांना जमेना. त्यांनी तंबाखू सोडली, मीठ घालून गुळण्या करायचे तेही सोडलं. शेवटी डॉक्टरकडे जाऊन जीभ दाखवून आले. डॉक्टरने शक्तीच्या गोळ्या दिल्या. काका जेवणानंतर इमानदारीने त्या गोळ्या खात होते आणि कुंपणापलीकडे माझे टँकर भरत होते. हे सगळं काकूनेच मला नंतर सांगितलं. हसत सांगायला लागली आणि मध्येच पदर तोंडाला लावून आत गेली.

मग केळीची पानं कडेने करपली. जिभेचा दोष नव्हता हे काकांना पानांनी सांगितलं. गोडं पाणी उपसून संपलं की समुद्राचं खारं आत सरकतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी त्यांच्याकडे गेलो. कशाला गेलो, मलाही नक्की सांगता येणार नाही. ते करपलेली पानं कोयत्याने उतरवत होते. मी उभा राहिलो. ते पानं उतरवतच राहिले, तशी माझी सटकली.

"काका, शिव्या तरी द्या मला!"

"शिव्या देऊन पानी गोड होईल काय?"

"रविवार चुकवत नाही तुम्ही चर्चचा. तुमच्या देवाला दिसत नाही का हे?"

"देव काय मुकादम हाय, शेट? संध्याकाळी हजेरी घेऊन मजुरी वाटायला?"

"मग आयुष्यभर लोकांना फुकट पाणी दिलंत, त्याचं काय?"

त्यांनी कोयता थांबवला. "त्याचं काय म्हनजे? पानी मी गोड केलं नव्हतं. होतं, म्हनून दिलं."

माझी बायको घरी प्रवचनं ऐकते. केलेलं इथेच भोगावं लागतं, असं तिचं ठाम मत आहे. खोटं नाही सांगत, मी माझ्या शिक्षेची वाट पाहिली. त्या वर्षी माझी एकही गाडी बंद पडली नाही. मुलीला हव्या त्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. माझी शुगरसुद्धा उतरली. लॅबमध्ये रिपोर्ट पाहून मी काउंटरवरच्या माणसावर ओरडलो, "नीट तपासलंय का?" मुलगी लाजून म्हणाली, "पप्पा, नॉर्मल आहे! भांडता कशाला?"

शेजाऱ्याचं तर माझ्याहून चांगलं झालं. बोअर खारट झाल्यावर त्याने वाडी विकली आणि टेरेसचा फ्लॅट घेतला. रोज सकाळी तो बागेत हास्यक्लबला जातो. मी एकदा बाहेर गाडी थांबवून पाहिलं. दोन्ही हात वर करून मनापासून हसत होता.

आणि इकडे काकांच्या वाडीत केळीचे नुसते बुंधे उभे होते. ज्या बायका त्यांच्याकडे पाणी न्यायच्या, त्यांच्या बिल्डिंगला आता मी पाणी पुरवत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः एक टँकर घेऊन काकांच्या दारात गेलो. ते नाही म्हणतील, दारातून हाकलतील, अशी माझी तयारी होती. खरं म्हणजे तीच आशा होती. ते काठीला धरून बाहेर आले. पाइप सुरू झाला, तशी त्यांनी ओंजळ पुढे केली. पाणी तोंडात घेऊन डोळे मिटले. मला वाटलं, थुंकतील.

"गोड हाय," ते म्हणाले. "कुठलं?"

"चांदीप गावचं."

त्यांनी दारातल्या टाकीत पडणाऱ्या धारेकडे पाहिलं.

"तिथं पन कोन असंल ना, शेट," ते म्हणाले, "सकाळी चाखनारा?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. गल्लीतून जाणाऱ्या बाईला त्यांनी हाक मारली, "कळशी आन गं, पानी आलंय."

त्या उन्हाळ्यात मी दर आठवड्याला त्यांच्याकडे टँकर नेत राहिलो. पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. आजार काही मोठा नव्हता, वय होतं. मातीला मी मागे उभा होतो. एकाने माझ्याकडे पाहून म्हटलं, "हेच ते, काकांना फुकट टँकर द्यायचे." लोकांनी माझे हात हातात घेतले. तिथे मला ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या गाड्या अजून चांदीपलाच भरतात. मी थांबलो तर दुसरा भरेल, आणि बिल्डिंगखाली बादल्या घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना मी काय सांगू? कितीदा विचार केला, यातून भाव काढता येत नाही.

दर रविवारी सकाळी काकूकडे टँकर घेऊन मीच जातो. विहिरीच्या काठावर दोर बांधलेली ती बादली तशीच आहे. कोणी पाहत नाही असं बघून मी ती खाली सोडतो, वर ओढतो, ओंजळ तोंडात घेतो आणि डोळे मिटतो.

खारट. मग मी दुसरी ओंजळ घेतो. एखाद वेळेस जिभेचाच दोष असेल.